भावकीचा मेळावा: वंशावळ शोधणाऱ्याच्या पदरात नेमकं काय पडतं?

पाणंद
नमस्कार मंडळी,
चार वर्षं झाली, माहेरच्या घराण्याची वंशावळ जुळवतेय. गाव भुदरगड तालुक्यात, मी राजारामपुरीत. जुने फेरफार काढले, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर बघितलं, कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी उतरवून घेतल्या. सहा पिढ्या बऱ्यापैकी लागल्या.

आता भावकीतल्या पोरांच्या डोक्यात आलंय की मे महिन्यात गावात मेळावा घ्यायचा. सगळी घरं, मुंबई-पुण्याचे, इचलकरंजीचे, सगळे. वर्गणी घरटी हजार. मला विचारलं, "तुझं ते वंशावळीचं काम त्यात होऊन जाईल की." होईल का? गर्दीत, स्पीकरच्या आवाजात कोण काय सांगणार? त्यापेक्षा घरोघर एकटीनं फिरलेलं बरं असं माझं मत. ज्यांनी असे मेळावे केलेत त्यांनी अनुभव सांगा.

अडलंय कुठं तेही सांगते. पणजोबांचे वडील लवकर वारले. १९२४ सालच्या वारसाच्या नोंदीत (मोडीतली आहे, वाचून घेतली) लिहिलंय: "बाळा बिन राणू, अज्ञान, पालनकर्ती आई चंद्रा". आणि आमच्या घरात लहान पोरालासुद्धा विचारा, पणजोबांची आई म्हणजे कृष्णा. चंद्रा हे नाव कुणी ऐकलेलं नाही.

गुळाची ढेप
हजार रुपयात तांबडा-पांढरा असेल तर मेळावा घ्याच. भाजी-आमटी असेल तर घरोघर फिरा.

वेसीबाहेर
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आमच्याकडं तीन वर्षांपूर्वी झाला असला मेळावा. वेशीपासून फ्लेक्स. फ्लेक्सवर वर महाराज, खाली भावी सरपंच. साडेदहाचा कार्यक्रम पाहुणे आले तेव्हा साडेबाराला सुरू. सत्कार, नारळ, फेटे, सत्कार. मग एका सरांचं भाषण, "आपलं घराणं मूळचं राजस्थानातलं." टाळ्या. दोन वाजता जेवण आणि तीन वाजता पार्किंगमध्ये बांधावरून भांडण. इतिहासाच्या नावानं छापलेली एक रंगीत वंशावळ मिळाली. तिच्यात माझ्या आजोबांना चुलत्याचा मुलगा करून टाकलंय. ती आता बारा घरात फ्रेम करून लावलीय. पुढच्या पन्नास वर्षांत तीच खरी होणार.

गुळाची ढेप
>> आपलं घराणं मूळचं राजस्थानातलं
राजस्थानात माणसं शिल्लक कशी राहिली देव जाणे. आमचे पण तिकडचेच आहेत.

मोडीवाला
पाणंद, वेसीबाहेर यांचा अनुभव खरा असला तरी मेळावा टाळू नका. फक्त व्यासपीठाकडून कसली अपेक्षा ठेवू नका.

आधी तुमच्या कागदाबद्दल. जुन्या कागदात 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, हे तुम्हाला माहीतच आहे. बाईच्या नावापुढं 'कोम' असेल तर अमक्याची बायको. 'पालनकर्ती आई' असं स्वच्छ लिहिलंय म्हणजे कारकुनानं जबाब घेऊन लिहिलंय. आजच्या सातबाऱ्यावर अ.पा.क. लिहितात तेच हे, अज्ञान पालनकर्ता. नावात चूक होऊ शकते, पण 'कृष्णा'चं 'चंद्रा' मोडीत सहसा होत नाही, अक्षरं अजिबात सारखी नाहीत. वाचनाची चूक वाटत नाही.

कागद तुम्हाला पुरुष आणि जमीन देतो. ज्याच्या नावावर काही नव्हतं तो माणूस कागदाला दिसतच नाही. बायका दिसतात त्या विधवा झाल्यावर किंवा पालनकर्ती म्हणून. तुमची चंद्रा कागदावर एकदाच उगवली कारण नवरा मेला आणि पोर अज्ञान होतं. पुढची गोष्ट माणसांकडंच मिळणार. कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थान काळातले मोडी कागद आहेत, तिथंही जा, पण या प्रश्नाचं उत्तर तिथं असेल असं मला वाटत नाही.

आत्याबाई
पाणंद, बाळ, मला एक सांग. म्हाळाला तुमच्या घरात कुणाकुणाच्या नावानं पान वाढतात?

चित्रगुप्त
आमच्या कुळाचा कुलवृत्तांत छापलेला आहे आणि दर काही वर्षांनी संमेलन भरतं. सोय म्हणाल तर आहे. शाखा, पिढी क्रमांक, सगळं तयार. पण खरं सांगू का, कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या शाखेची पानं त्यात विरळ आहेत. १९४८ च्या जाळपोळीत घर गेलं, त्याबरोबर दप्तर गेलं. राहिलं ते आजीच्या तोंडी. संमेलनात पुण्याच्या शाखेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पिशवीतून एक वही काढली. १९३० च्या आसपास त्यांच्या वडिलांना आमच्या पणजोबांनी पत्रातून सगळी नावं कळवली होती, ती त्यांनी उतरवून ठेवलेली. आमचं जळलेलं दुसऱ्याच्या ट्रंकेत सुखरूप होतं. ते गृहस्थ आम्हाला एरवी कुठं भेटणार होते? आम्हाला त्यांचं अस्तित्वच ठाऊक नव्हतं.

सीमाभागी
इथं हेळव्यांचं नाव अजून कुणी काढलं नाही, आश्चर्य आहे.

आमचं गाव निपाणीजवळ. जैन घर. सुगी झाली की हेळवी यायचे, नंदीवर बसून, पायावर पांघरूण, हातात घंटा. हेळव म्हणजे कन्नडमध्ये लंगडा. दारात उभं राहून मूळ पुरुषापासून सुरू करायचे ते आमच्या वडलांपर्यंत न थांबता. कुणाला किती मुलं, कोण कुठल्या गावाला सरकलं, सगळं. चोपडीत नवीन जन्मलेल्यांची नावं घालायचे आणि धान्य, पैसे, एखादं भांडं घेऊन जायचे. लिंगायत, जैन, मराठा, सगळ्यांच्या घरी यायचे, प्रत्येक हेळव्याची घरं ठरलेली.

आमच्या मेळाव्याला पोरांनी डीजे ठरवला होता, काकांनी हट्टानं आमच्या हेळव्यांना बोलावलं. पन्नाशीचा माणूस, मोटारसायकलवर आला, चोपडी प्लॅस्टिकच्या पिशवीत. तो वाचायला लागला आणि मांडव गप्प. एका ठिकाणी म्हणाला, "इथून एक भाऊ घाटाखाली उतरला." त्या घाटाखालच्या भावाची घरं आम्हाला मागच्या वर्षी सापडली. पाणंद, भुदरगडकडं हेळवी येतात, तुमच्या गावात कुणाकडं येतात ते विचारा.

मोडीवाला
हेळव्यांच्या चोपडीला +१. एक लक्षात ठेवा, वरच्या पिढ्यांत त्यांच्याकडंही घराण्याला मोठं करणाऱ्या कथा असतात. खालच्या पाच-सहा पिढ्यांत मात्र ते फार पक्के असतात, कारण दर खेपेला घरातली माणसं समोर बसून चूक काढतात.

त्र्यंबक-नाशिकला गेलात तर तीर्थोपाध्यायांची वही जरूर बघा. तिथं गेलेल्या माणसाच्या हातचं लिहिलेलं असतं. मला आजोबांच्या वडिलांची सही तिथं मिळाली. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नाही.

पाणंद
@आत्याबाई, घरी फोन करून विचारलं. म्हाळाला राणू, कृष्णा, बाळा, बाळांची बायको, आणि एक लहानपणी गेलेला चुलत आजोबा. चंद्रा नाही.

@सीमाभागी, आमच्या गावात दोन घरांत हेळवी येतात म्हणे, आमच्या घरी आजोबांनी बंद केले. कारण विचारलं तर "उगं नसत्या उठाठेवी".

आत्याबाई
मग ती त्या घरात मेली नाही.

उतारा
मी जमिनीच्या कामात असतो, त्यामुळं माझा सल्ला रुक्ष वाटेल. मेळाव्यात वंशावळीचा तक्ता घेऊन बसलात की म्हाताऱ्यांच्या मनात पहिला विचार येतो, "ही वाटणी मागायला आलीय." विशेषतः लेक असेल तर. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क आहे, आणि भावकीत हे सगळ्यांना तोंडपाठ आहे, फक्त बोलत नाहीत. दिवाळीला साडी नेसवून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतलेली उदाहरणं रोज बघतो. त्यामुळं तुम्ही आधीच मोठ्यानं सांगा, की मला जमिनीतलं काही नको, नावं पाहिजेत. तरी निम्मे विश्वास ठेवणार नाहीत.

पाणंद
@उतारा, अगदी. धाकटे काका परवा म्हणाले, "पोरी, सातबारा सोडून काय पण विचार."

बागवान
आमच्याकडं हेळवी नाहीत, म्हाळ नाही, कुलवृत्तांत नाही. आहे तो उरूस. वर्षातून एकदा सगळे गावी येतात, तोच आमचा मेळावा, वर्गणी कंदुरीची. मीही चार-पाच वर्षं नावं उतरवतोय. अडचण अशी की आज्जाचं नाव, त्याच्या आज्जाचं नाव आणि माझ्या चुलत भावाचं नाव एकच. कागदावर 'वलद' लिहून बापाचं नाव असतं, तेवढ्यावर माणसं वेगळी करायची. उरुसात एक गोष्ट समजली, प्रत्येकाला एक टोपणनाव होतं. बारक्या, पैलवान, टांगेवाला. टोपणनावानं विचारलं की म्हातारी माणसं धडाधड सांगतात. खऱ्या नावानं विचारलं की "कोण बाबा?"

गुळाची ढेप
टोपणनावावरून आठवलं. आमच्या वंशावळीत चाळीस जणांचा वाढदिवस १ जून आहे. गुरुजींचे उपकार. माझ्या दोन सख्ख्या चुलत्यांच्या जन्मात शाळेच्या दाखल्याप्रमाणं बरोबर चार महिन्यांचं अंतर आहे. आज्जीला विचारलं तर म्हणाली, "मला काय धंदा नव्हता काय?"

आत्याबाई
=)) ढेप, तुझी आज्जी मला आवडली.

तारखेचं सांगते. बायकांना साल विचारू नका, काय घडलं होतं ते विचारा. माझी सासू थोरल्या लेकाचं वय सांगायची, "भूकंपात मी ओली बाळंतीण, पोराला सुपात घालून अंगणात पळालो." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. दाखल्यावर त्या लेकाचा जन्म '६६ च्या जूनचा. आता खरं कोण? मी सासूवर विश्वास ठेवीन. (पळालो-च म्हणायची ती. आमच्या कोल्हापूरच्या बायका आलो-गेलोच म्हणतात, पुण्याच्या सुनांनी हसू नये.) तसंच बहात्तरचा दुष्काळ, महापूर. पाच सालचा, एकोणीसचा. त्याआधीचं म्हणजे प्लेग, मानमोडी. प्रत्येक घराच्या पोरांची वयं अशा एखाद्या खुंटीला टांगलेली असतात.

कोडखाऊ
वंशावळीसाठी कुठलं सॉफ्टवेअर वापरता? मी एक वापरलं, ते आमच्या घराण्यापुढं हात टेकून बसलं. आमच्यात मामाच्या पोरीशी लग्न, आत्याच्या पोराशी लग्न, हे चार पिढ्या चाललंय. माझी पणजी आईकडूनही पणजी लागते आणि बाबांकडूनही. सॉफ्टवेअर विचारतं, 'ही एकच व्यक्ती आहे का?' हो बाबा, एकच आहे. हिशेबानं दहा पिढ्यांवर माणसाला १०२४ पूर्वज असायला हवेत. आमच्याकडं तेवढी माणसं त्या तालुक्यातच नसतील.

वेसीबाहेर
>> तेवढी माणसं त्या तालुक्यातच नसतील
म्हणून तर राजस्थानातून मागवली.

गुळाची ढेप
_/\_ नाद खुळा.

माणगावकर
वाचतोय सगळं. थोडं वेगळं लिहितो.

तुम्ही सगळे फेरफार, वतन, कुलवृत्तांत म्हणताय. आमच्या वाड्यातल्या लोकांची वंशावळ काढायला बसलो तेव्हा कागद जवळपास नव्हताच. जो होता त्यात आडनाव नाही, फक्त 'सिदा बिन मुरा' आणि पुढं जात. शाळेच्या रजिस्टरला नाव पहिल्यांदा येतं ते आज्जाच्या पिढीत. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्यानंतरच्या काळात. १९२० च्या मार्चमध्ये आमच्या गावात परिषद झाली, बाबासाहेब अध्यक्ष आणि महाराज स्वतः आले होते, हे सगळ्यांना माहीत आहे. आमचा पणजा त्या मांडवात पाणी वाढायला होता असं घरात सांगतात. पुरावा काही नाही.

आमचा मेळावा १४ एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी असतो. पहिल्या वर्षी मी माईक धरला आणि काही मिळालं नाही. दुसऱ्या वर्षी आईनं आयडिया काढली. जेवणं झाल्यावर म्हाताऱ्या बायकांना एकत्र बसवलं आणि जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावल्या. ओवीत भावाचं नाव येतं, भाच्याचं, गावाचं. त्यातून अकरा नावं मिळाली, त्यातली दोन गावं आम्हाला माहीतच नव्हती. मोबाईल मांडीवर ठेवून दिला होता, कुणाच्या लक्षातही नाही आला. (नंतर सांगितलं सगळ्यांना. एकीनं पुसायला लावलं, पुसलं.)

मोडीवाला
माणगावकर, हा धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद.

आत्याबाई
ओव्यांचं अगदी खरं. आणि पाणंद, तुला आणखी एक युक्ती. मेळाव्याला येताना प्रत्येक घरानं एक जुनं भांडं आणायचं, नाव घातलेलं. तांब्या, परात, घंगाळ काहीही. लग्नात आहेर म्हणून दिलेल्या भांड्यावर कुणी, कुणाला, कधी, सगळं टाचण्यानं कोरलेलं असतं. मोडीत टाकली नसतील तर. भांडं समोर आलं की बायका आपोआप बोलतात.

उतारा
आणि भावकी कुठं संपते ते ठरवायला सुतक विचारा. कुणाचं दहा दिवस पाळता, कुणाचं तीन, कुणाचं नुसती अंघोळ. नाती विसरतात, सुतक विसरत नाहीत. देवकही विचारा. आडनाव पाटील असलं तरी ते वतनाचं, मूळ आडनाव वेगळंच असतं, आणि ते कळायला लग्नातलं देवक उपयोगी पडतं. एक देवक दोन आडनावांत सापडलं की कान टवकारायचे.

चित्रगुप्त
दत्तक विसरू नका. रक्ताची रेघ आणि घराण्याची रेघ वेगळी असते. खुद्द शाहू महाराज कागलच्या घाटग्यांच्या घरात जन्मले आणि १८८४ ला करवीरच्या गादीवर दत्तक आले. राजघराण्यात हे पाटीवर लिहितात, आपल्या घरात दत्तक म्हटलं की कुजबूज.

संपादक
दोन प्रतिसाद उडवले आहेत. जातीच्या दाखल्यांचं राजकारण इथं नको, त्यासाठी वेगळा धागा आहे. हयात माणसांची पूर्ण नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक असलेले तक्तेही इथं चिकटवू नयेत.

पाणंद
धागा वर काढतेय. मेळावा झाला. तीन आठवडे लिहू की नको करत होते.

आधी फजिती. सकाळी तक्ता लावला, वीस फूट लांब, फ्लेक्सवाल्याकडून छापून. दहा मिनिटांत तीन भांडणं. एका घराचं म्हणणं आमची थोरली पाती, दुसरं म्हणतं आमची. एकाचं नाव राहिलं होतं, तो जेवायलाच बसेना. वेसीबाहेर, तुमची आठवण आली. त्यात वाऱ्यानं तक्ता फाटला, बरोबर चौथ्या पिढीतून. पोरांनी सत्कार केलेच, त्रेचाळीस नारळ.

भांड्यांची युक्ती मात्र चालली. सभामंडपाच्या मागं, चुली होत्या तिथं, मी एक घोंगडं अंथरलं आणि भांडी मांडली. सव्वीस आली. बायका कांदा चिरत चिरत येऊन बघायच्या. "ही परात माझ्या मावळणीची." "ह्याच्यावरचं गाव बघ, ही त्या घरची लेक." मी नुसती लिहीत होते.

आमच्या आत्याआज्जी आल्या होत्या कागलकडून. पणजोबा बाळांची धाकटी लेक, वय चौऱ्याऐंशी. त्यांनी पिशवीतून पितळी तांब्या काढला, बुडाला पोचा आलेला. काठाखाली कोरलंय: "चि. बाळा राणू यास लग्नात. चंद्रा." आणि पुढं गावाचं नाव. ते आमचं गाव नाही. आजऱ्याकडचं आहे.

मी विचारलं, "आज्जी, चंद्रा कोण?"
त्यांनी आधी आजूबाजूला कोण पुरुष आहे का बघितलं. मग म्हणाल्या, "बाची आई. जल्म दिलेली."

कृष्णा थोरली. तिला मूल होईना म्हणून राणूंनी चंद्राला करून आणली. बाळा झाले, ते सहा-सात वर्षांचे असताना राणू गेले. चंद्रा तेव्हा विशी-बावीशीची. दोन वर्षं राहिली, मग माहेरच्यांनी नेली आणि पाट लावून दिला. पोर वारस, ते घरात राहिलं, कृष्णानं वाढवलं. चंद्राचं नाव घरात घ्यायचं नाही असं ठरलं. आत्याबाई, तुम्हाला म्हाळावरूनच कळलं होतं ना?

आज्जींनी पुढं सांगितलं ते तसंच लिहिते. "जत्रंला यायची ती. देवळाच्या मागल्या अंगाला हुबी ऱ्हायाची. बा मला बोट धरून तकडं न्यायचा. ती पदराच्या गाठीतनं शेंगा काढून माझ्या वट्यात घालायची. बा काय बोलायचा न्हाई, ती बी न्हाई. वाटंत बा म्हणायचा, शेंगा घरात न्हिऊ नगं, हितंच खा."

त्या गर्दीत, कढईच्या आवाजात हे मिळालं. मी आज्जींच्या घरी दोन वेळा जाऊन आले होते मागच्या वर्षी. तेव्हा म्हणाल्या होत्या, "मला काय ठावं न्हाई बाई."

आत्याबाई
कळलं होतं गं. लिहावंसं वाटेना. आमच्याही घरात आहे एक.

माणगावकर
इथंच खा. वाचून बसलोय नुसता.

मोडीवाला
पाणंद, १९२४ ची नोंद आणि तांब्या दोन्ही एकमेकांना धरून आहेत. बाळांच्या लग्नाचं साल काढता आलं तर तांब्याची तारीख लागेल. त्या आजऱ्याकडच्या गावच्या कोतवाल बुकात चंद्राच्या मृत्यूची नोंद मिळू शकेल, नवऱ्याचं नाव आत्याआज्जींना माहीत असेल तर.

वेसीबाहेर
माझे शब्द मागं घेतो. फ्लेक्सचे सोडून.

कोडखाऊ
बारीक शंका. घरी दोनदा गेलात तेव्हा सांगितलं नाही आणि चारचौघांत सांगितलं, हे कसं?

पाणंद
@कोडखाऊ, मीही हाच विचार करतेय. घरी सूनबाई चहा घेऊन समोर बसलेल्या, नातू मोबाईलवर. चुलीजवळ सगळ्या त्यांच्या वयाच्या, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक तसलंच भांडं. शेजारची म्हातारी आधी बोलली होती, तिच्या सवतीबद्दल. मग आज्जींनी पिशवीत हात घातला. म्हणजे तांब्या आणला होताच त्यांनी, ठरवूनच आल्या असतील.

उतारा
आता खरा प्रश्न. छापणार का?

पाणंद
काकांना सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुस्तकात कृष्णाच ठेव. आमच्या बाला दोन आया होत्या हे लोकांस्नी कशाला?" धाकटी बहीण म्हणते छापच. मी आत्याआज्जींना विचारलं, त्या म्हणाल्या, "मी मेल्यावर छाप." आता त्यांच्या मरणाची वाट बघत बसू का? माझ्या वहीत मात्र लिहिलंय, दोन्ही नावं, शेजारी शेजारी.

चित्रगुप्त
छापू नका असं म्हणणार नाही, पण आज्जींचा शब्द पाळा. वहीच्या दोन प्रती करा आणि एक दुसऱ्या गावात ठेवा. हे जळलेल्या घरातला माणूस सांगतोय.

सीमाभागी
आणि आजोबांनी हेळवी का बंद केले तेही कळलं म्हणायचं. दारात उभं राहून तो सगळ्यांसमोर वाचणार, "राणूला बायका दोन".

पाणंद
@सीमाभागी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!! काकांना आत्ता फोन केला. "व्हय" म्हणाले आणि ठेवला.

पाणंद
शेवटचं अपडेट. काल बहिणीला घेऊन आजऱ्याकडच्या त्या गावात जाऊन आले. आत्याआज्जींनी घराची खूण सांगितली होती, मारुतीच्या मागं, दारात फणस. फणस आहे. घरात साठीचे एक गृहस्थ, चंद्राच्या दुसऱ्या घरचे नातू. मी कोण ते सांगायला सुरुवात केली, अर्ध्यातच त्यांनी आत हाक मारली, "अगं, बाळामामाच्या घरची आल्यात." बाळाकाका नव्हे, पणजोबा त्यांना मामा? मी चक्रावले. मग त्यांच्या बायकोनं उलगडून सांगितलं. चंद्रानं तिथल्या पोरांना कायम तेवढंच सांगितलं होतं, की पलीकडच्या गावात माझा भाऊ आहे, बाळा. जत्रेला त्याला भेटायला जाते.

पुढच्या मेळाव्याचं आमंत्रण देऊन आले. काकांना अजून सांगितलेलं नाही.

गुळाची ढेप
मी पहिल्या प्रतिसादात विचारलेलं अजून कुणी सांगितलं नाही. तांबडा-पांढरा होता का?

पाणंद
होता. पांढरा संपला दुसऱ्या पंगतीला. तक्त्यात नाव राहिलेल्यानं चार वाट्या प्यायल्या.